जातानाचे कपडे

आमच्याकडेही दर दोन-तीन वर्षांनी अधिक महिना येतो. त्या महिन्यात देवांची नजर माणसांवर नसते, असं जुने लोक मानतात. म्हणून एरवी ज्या कामांना हात लावायला मन धजत नाही, ती या महिन्यात उरकून घ्यायची. कुणी पूर्वजांच्या कबरी हलवतं, कुणी म्हाताऱ्या आईबापांचे जातानाचे कपडे शिवून ठेवतं. असे कपडे घरात तयार असले की माणूस उलट जास्तच जगतो म्हणे. माझी आई चौऱ्याऐंशीची झाली तरी मी या कामाची टाळाटाळ करत होते. या वसंतात तिनेच विषय काढला.

"हेरान, एकतीस वर्षं लोकांच्या विजारी आखूड करतेयस. माझे कपडे कधी शिवणार? मी गेल्यावर माप घ्यायला येणारेस का?"

सोलच्या एका जुन्या बाजारात, जिन्याखाली माझं कपडे दुरुस्तीचं दुकान आहे. मी मुकाट्याने तागाचं पिवळट कापड आणलं, सगळे आणतात तसलं. आईने ते दोन बोटांत धरून पाहिलं.

"पोत्यात घालून पाठवणार मला? मी काय रताळी आहे?"

तिला रेशीम हवं होतं. गुलाबी घेरदार परकर आणि वर पोपटी आखूड अंगरखा. पूर्वीच्या बायका म्हणे नवरीच्या कपड्यांतच जायच्या, हा तागाचा खाक्या मागाहून आला. मी वाद घातला नाही. आईशी वाद घालून जिंकलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही.

या कपड्यांच्या शिवणीचे नियम वेगळे असतात. दोऱ्याला गाठ मारायची नाही आणि टाका मागे घ्यायचा नाही. गाठ असली तर जाणाऱ्याचा पाय अडकतो, टाका मागे घेतला तर तो मागे वळून बघतो. प्रत्येक शिवण दोनदा पक्की करणाऱ्या माझ्यासारखीला हे किती जड गेलं ते माझं मलाच ठाऊक. बाह्या हात झाकले जातील इतक्या लांब ठेवायच्या. मंगळवारी सकाळी बसले आणि दिवेलागणीला काम संपवलं, कारण ते एका दिवसातच संपवायचं असतं.

आईने कपडे घालून पाहिले. आरशासमोर बराच वेळ उभी राहिली. मग म्हणाली, "उद्या प्राणीबागेत जाऊ."

"कुठल्या प्राणीबागेत?"

"छांगग्योंगवनात. दुसरी कुठली?"

"आई, ती उठून चाळीस वर्षं झाली. आता तिथे राजवाडा आहे."

"राजवाडा आधीही होता. मधे काही दिवस हत्ती राहून गेले, एवढंच."

"बरं, जाऊ. काढ आता ते कपडे."

"काढ कशाला? हेच घालून जायचंय."

मी हातातली कात्री खाली ठेवली. जातानाचे कपडे घालून जिवंत माणूस रस्त्याने चालतो, हे कुणी ऐकलंय का? मी ते तिला ऐकवलं. अपशकुन म्हणाले, लोक काय म्हणतील म्हणाले, शेवटी पोपटी रंगावर डाग पडला तर जात नाही हेही म्हणाले. ती माझं संपेपर्यंत थांबली.

"तुझे वडील मला ओळखणार कसे?" तिने विचारलं. "त्यांनी मला शेवटचं डोळे भरून पाहिलं ते तिथे, याच रंगांत. मी चोवीस वर्षांची होते. आता हे असं तोंड घेऊन तिकडे गेले तर ते माझ्या बाजूने निघून जातील. वर म्हणतील, आजीबाई, जरा सरका. त्यापेक्षा एकदा बघून घेऊ देत. हे कपडे आणि हे तोंड. म्हणजे ऐनवेळी घोटाळा नको."

दुसऱ्या बायकांना नवऱ्याशी बोलायचं असलं की त्या कबरीवर जातात, दारूचा पेला ओततात, मनातलं सांगून येतात. आमच्याकडे कबर नाही. वडिलांचं पुरायला काही हातीच लागलं नव्हतं.

"या महिन्यात तिकडे सगळ्यांना सुट्टी असते," मी शेवटचा प्रयत्न केला. "देव बघत नाहीत तर बाबा तरी कुठून बघणार? तेही सुट्टीवर असतील."

"तेच तर म्हणतेय मी. सुट्टी असल्याशिवाय माणूस भेटायला येतो का?"

खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती. लोकांची नाही. आई एवढ्या हौसेने तयारी करत होती की मला वाटलं, हिचं जायचं ठरलंय आणि मला सांगत नाहीये.

बुधवारी सकाळी टॅक्सी केली. ड्रायव्हरने आरशातून पाहिलं आणि विचारलं, "वा आजी, कुणाचं लग्न?"

"माझंच," आई म्हणाली.

तो हसला. मी खिडकीबाहेर बघत राहिले. माझ्या पिशवीत टाचण्यांची डबी होती.

दारावरच्या मुलीने आईला पाहून दोन्ही हात गालांवर ठेवले. पारंपरिक कपडे घालून आलेल्यांना तिथे तिकीट नसतं, आणि म्हाताऱ्यांना तर नसतंच. आईकडे आत जायचे दोन-दोन परवाने होते. "आजी, किती गोड दिसताय! कुठल्या दुकानातून भाड्याने घेतलेत?"

"भाड्याचे नाहीत पोरी. हे परत करायचे नसतात."

मी आईला दंडाला धरून आत नेलं.

आतल्या ओढ्यावर दगडी पूल आहे. ओढ्याच्या दोन्ही काठांना जर्दाळूची झाडं फुलली होती आणि सकाळचं धुकं अजून उठलेलं नव्हतं. पुलावर पाऊल टाकलं तसा आईच्या चालण्यात फरक पडला. घरात ती पलंगापासून न्हाणीपर्यंत जाताना तीनदा भिंतीला हात लावते. इथे तिने माझा हात सोडला. घेरदार परकरामुळे पावलं दिसत नव्हती, गुलाबी रेशीम नुसतं पुढे सरकत होतं. लांब बाह्यांत हात लपले होते. धुक्यात तिची पाठ बघताना मला क्षणभर कळेना, ही कोण बाई चालली आहे आणि मी तिच्या मागे का जाते आहे.

"हं, इथे फुगेवाला असायचा," ती म्हणाली.

तिथे दरबारी लोकांच्या उभं राहायच्या जागा दाखवणारे दर्जाचे दगड होते, पहिला दर्जा, दुसरा दर्जा, ओळीने मांडलेले. पलीकडे सिंहासनाचा दिवाणखाना शांत उघडा होता.

"इथे मोर. आणि त्या तिकडे अस्वलं, दोन. एक सारखं झोपलेलं असायचं. रेशमाच्या किड्यांचे उकडलेले कोश घेतले होते आम्ही, कागदाच्या पुडीतले. त्यांनी त्यातले चार अस्वलाला टाकले. मी म्हटलं, पैसे काय झाडाला लागलेत?"

राण्यांच्या महालावरून जाताना तिने माकडांची चौकशी केली. राजपुत्र जिथे जन्मले त्या खोलीसमोर उभी राहून म्हणाली, इथे वास यायचा. ती इतक्या सहजपणे सांगत होती की हळूहळू मलाही दोन्ही दिसायला लागलं. लाल खांब आणि पिंजऱ्याचे गज. ओवरीत वाळत घातलेला पेंढा. कौलांच्या टोकावर बसलेला एक मोर आणि कुठेतरी जवळच, धुक्याच्या पलीकडे, कुणीतरी मोठ्ठं, सावकाश श्वास घेतंय. राजे गेले होते, त्यांच्यानंतर आलेले प्राणीही गेले होते, आणि आई दोघांच्याही मधून वाट काढत चालली होती. घाई कसलीच नव्हती. माझ्या दुकानाची वेळ होऊन गेली होती हे मला आठवलं, आणि मी पुन्हा विसरले.

तळ्यापाशी माझं लक्ष तिच्या काखेकडे गेलं. शिवण निघायला लागली होती. गाठ नाही, मागचा टाका नाही, मग दोरा धरणार कशाला? हे कपडे चालण्यासाठी शिवलेलेच नव्हते.

"थांब, एक टाचणी लावते."

"टाचणी नको. टाचणी म्हणजे गाठच."

"आई, बाही गळून पडेल!"

"पडू दे. तुझे वडील परकर बघतील."

तळ्यामागचं काचघर मात्र तेव्हाही होतं. पांढऱ्या सांगाड्याचं, सगळं काचेचं. ते दिसताच आईचा चेहरा उजळला. ती काचघराकडे पाठ करून उभी राहिली, तळं डाव्या हाताला घेतलं आणि तोंडाने काहीतरी मोजत चालू लागली. वळली, थांबली, पुन्हा काचघरापाशी आली. पुन्हा निघाली. तिसऱ्या वेळी ती पाईनच्या झाडांखाली एका मोकळ्या जागेत उभी राहिली. तिथे काहीच नव्हतं. गवत होतं आणि एक बाक.

"हत्ती इथे होता," ती म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता. "म्हणजे इथेच असणार. का पलीकडे?"

मी तिला बाकावर बसवलं. ती परकर नीट पसरून बसली, सगळा घेर दिसेल असा. मग वाट बघू लागली. मी शेजारी बसले. धुक्यातून ऊन गाळून येत होतं आणि झाडांवरून पाण्याचे थेंब पडत होते.

बऱ्याच वेळाने ती बोलायला लागली. हे मी पूर्वी कधी ऐकलं नव्हतं.

"संध्याकाळी दिवे लावायचे इथे, चेरीच्या झाडांना. अख्खं सोल लोटायचं. त्या गर्दीत आमची चुकामूक झाली. हात कधी सुटला कळलंच नाही. मी रडत फिरत होते, पण हाक कशी मारणार? नाव तर घ्यायचं नसतं. अहो म्हणून ओरडले असते तर पन्नास पुरुष वळले असते. तासभर गेला. मग पाठीमागून कुणीतरी खांद्याला धरलं. म्हणाले, वेडे, त्या हत्तीपासून तुझा परकर दिसत होता, मला यायला एवढा वेळ लागला ते लोक सरकत नव्हते म्हणून." तिने परकरावरून बाही फिरवली. "त्यांनी परकरावरून ओळखलं, हेरान. तोंड कुठे दिसत होतं?"

"मग तिकडेही ओळखतील."

"तिकडे गर्दी केवढी असेल. साठ वर्षांची गर्दी."

तिचा हात शोधायचा म्हणून मी बाहीत हात घातला. तो गार पडला होता.

तेवढ्यात एक जोडपं आलं. दोघं भाड्याच्या कपड्यांत. मुलगा राजा झालेला, छातीवर सोनेरी ड्रॅगन, टोपी एका कानावर आणि झग्याखाली पांढरे बूट. मुलगी त्याला हसत होती. त्याने वाकून नमस्कार केला आणि फोटो काढाल का म्हणून माझ्या हातात मोबाईल दिला. मी दोन-तीन काढले.

आई त्याच्याकडे एकटक बघत होती. आमच्यात बाळाला जन्मताच एका वर्षाचं धरतात, आणि कुणी भेटलं की आधी वय विचारतात, तसं तिने विचारलं, "किती वर्षांचा रे तू?"

"जुन्या हिशोबाने सत्तावीस, आजी. पण जूनपासून सरकार सगळ्यांचं वय कमी करणार आहे ना. मग पंचवीस का सव्वीस, ते मलाच कळत नाही."

"सत्तावीस?" आई म्हणाली.

ती उठली. लांब बाही मागे सारून तिने हात बाहेर काढला आणि त्याच्या हनुवटीला लावला. दाढी करताना त्याला बारीकसं कापलं होतं. तो बिचारा राजा गोंधळून तसाच वाकून उभा राहिला.

"जेवलास का?"

"अजून नाही, आजी."

"मग जा, जेव आधी. किती वाळलायस." आणि त्या मुलीला म्हणाली, "आणि याचा हात सोडू नकोस गं. इथे हरवतात माणसं."

ती दोघं काचघराकडे गेली. आई त्यांच्या पाठमोऱ्या झग्याकडे बघत राहिली, ते झाडाआड होईपर्यंत.

"एवढासा होता?" ती म्हणाली.

"कोण?"

"तुझा बाप. सत्तावीस म्हणजे एवढासाच ना? हनुवटी बघितलीस? कोवळी लागते हाताला." ती हसली, पण डोळ्यांत पाणी होतं. "मी साठ वर्षं घाबरतेय. ते तिकडे उभे असतील, कपाळाला आठ्या घालून, माझं तोंड बघून नाक मुरडतील. ते माझ्यापेक्षा मोठे, सगळं त्यांनाच कळतं, त्यांनीच मला शोधायचं. आणि तो तर पोर आहे! तुझ्या धाकट्या मुलापेक्षा लहान. बावरला असेल गं एवढ्या गर्दीत. एवढी वर्षं एकटा."

"आई..."

"त्याने मला कशाला ओळखायला हवं? मी ओळखेन त्याला. मोठं माणूस लहानाला शोधतं, लहान कधी मोठ्याला शोधतं का?"

एवढं बोलून तिने दोन्ही बाह्या कोपरापर्यंत सारल्या आणि हात तोंडाशी नेले. काखेतली उरलेली शिवण उसवत गेली. मी टाचणी काढली नाही.

"तेसू!"

वडिलांचं नाव मला सरकारी कागदांवरून माहीत होतं. शाळेच्या दाखल्यावर होतं, लग्नाच्या कागदावर होतं. आईच्या तोंडून मी ते कधी ऐकलं नव्हतं. तिने ते लाजून घेतलं नाही, रडून घेतलं नाही. अंधार पडायला आला, जेवण वाढलंय आणि पोरगं अजून गल्लीत खेळतंय, तेव्हा आया घेतात तसं घेतलं.

"ए तेसू! इकडे! मी इथे आहे!"

पाईनच्या झाडांतून एक पक्षी उडाला. वाटेवरचे दोघं-तिघं थबकले आणि पुढे गेले. आई खाली बसली. तिचे गाल लाल झाले होते. मला इतकं हलकं वाटलं की हसूच आलं. चला, म्हटलं, झालं एकदाचं. आता घरी जाऊ, गरम सूप करते तुला.

"थांब," ती म्हणाली. "आता तू."

"मी काय?"

"तूही मार हाक."

"लोक बघतायत, आई."

"देव बघत नाहीयेत, लोकांचं काय घेऊन बसलीस?" मग तिने परकराची घडी उगाच सारखी केली. ती माझ्याकडे बघत नव्हती. "हेरान, त्याला तू माहीत नाहीस."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"त्या दिवशी सांगायला म्हणूनच इथे आले होते. तिसरा महिना होता मला. हत्तीपाशी गेलं की सांगू, असं घरून ठरवून निघाले होते. आणि मग ती चुकामूक झाली. भेटल्यावर मी इतकी रडले की सांगायचं राहूनच गेलं. पुढच्या आठवड्यात तो डोंगरात खाणीवर कामाला गेला. मला लिहिता कुठे येत होतं? आणि असली गोष्ट दुसऱ्याकडून कशी लिहून घेणार? म्हटलं, चुसोकच्या सणाला घरी येईल, तोवर पोटही दिसेल, आपोआप कळेल." तिने हात परत बाहीत ओढून घेतले. "सणाच्या आधी पंधरा दिवस खाण बसली. सात जण आत होते. कुणालाच बाहेर काढता आलं नाही."

मी जन्मले त्या शरदात, सणानंतर. जुन्या हिशोबाने मी एकसष्ट वर्षांची आहे. इतकी वर्षं मी मनात एक गोष्ट धरून होते, की बाबांना मी येणार हे माहीत होतं, जाताना ते माझाच विचार करत असतील. असं मला कुणी सांगितलं नव्हतं. मीच धरून चालले होते. आईने कधी हो म्हटलं नव्हतं आणि नाहीही म्हटलं नव्हतं.

मला तिचा राग आला. खूप आला. आणि ती त्या उसवलेल्या अंगरख्यात, दंडाची सैल कातडी उघडी टाकून, मान खाली घालून बसली होती.

"मी गेले की मी सांगेनच," ती म्हणाली. "पण तिकडे त्याला शोधण्यात किती वेळ जाईल कोण जाणे. मधेच तू आलीस तर? तुला तो कशावरून ओळखेल? ना तोंड पाहिलंय, ना आवाज ऐकलाय. मुलगी आहे हेच ठाऊक नाही. निदान आवाज तरी ऐकू दे."

मी उभी राहिले. समोर गवत होतं, आणि धुकं आता जवळजवळ उठलं होतं. बाबा हा शब्द मी शाळेत धडा वाचताना म्हटला होता, माझ्या मुलांच्या बापाबद्दल बोलताना म्हटला होता. त्या शब्दाने हाक कधीच मारली नव्हती. मारायला कुणी नव्हतंच. घशाला तो कसा लागतो तेही मला माहीत नव्हतं.

"बाबा," मी म्हटलं.

आईने मान वर केली.

"अशी मारतात हाक? जोरात मार. अंगावर अख्खा डोंगर आहे त्याच्या."

मी पोटातून श्वास घेतला आणि पुन्हा हाक मारली.